विणकराचा हात, होम्सचा डोळा



शेरलॉक होम्सवर बोलायला येवल्यात कशाला, असं आज सकाळी एका स्नेह्यांनी मला विचारलं. त्याचं उत्तर होम्सनंच देऊन ठेवलंय. 1892च्या 'कॉपर बीचेस' या कथेत तो आपला मित्र वॉटसनपाशी खंत व्यक्त करतो की लोकांना नजरच नाही. दातावरून विणकर ओळखता येतो, डाव्या अंगठ्यावरून छापखान्यात खिळे जुळवणारा ओळखता येतो, पण हे त्यांच्या गावीही नसतं. पैठणी विणणाऱ्या या गावात सूत दातानं तोडायची सवय ज्यांच्या घरात आहे, त्यांना यातलं मर्म मी काय सांगणार?

त्याआधी 1890च्या 'द साइन ऑफ फोर' या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तो स्वतः लिहिलेल्या एका पुस्तिकेबद्दल सांगतो. धंद्यामुळे माणसाच्या हाताची घडण कशी बदलते, हा तिचा विषय. खलाशी, बूच कापणारे, हिऱ्यांना पैलू पाडणारे, अशांच्या हातांच्या चित्रांत विणकराचा हातही आहे. मला होम्स पहिल्यांदा भेटला तो भालबा केळकरांच्या मराठीतून, शाळेत असताना. पीडीए ही नाट्यसंस्था उभी करणारा माणूस तो. संवाद कसा बोलला जातो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून होम्स मराठीत ओशाळला नाही. पुढे इंग्रजीतून सगळं वाचलं: चार कादंबऱ्या, छप्पन्न कथा, 1887 ते 1927. खुनाचं रहस्य एकदा कळलं की संपतं. तरी या कथा मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण कष्टाची नोंद माणसाच्या अंगावर असते आणि ती आदरानं वाचणारा एक माणूस या कथांत आहे.

पडद्यावर होम्सची ही नजर कुणी दाखवली असेल तर जेरेमी ब्रेट या नटानं. तो होम्स झाला ती ग्रॅनाडाची दूरचित्रवाणी मालिका 1984 ते 1994 अशी दहा वर्षं चालली. काम सुरू करण्याआधी होम्स आणि वॉटसनच्या सवयी, खाणंपिणं, कपडे यांचं सत्त्याहत्तर पानांचं टिपण तयार केलं होतं. ब्रेट गालिच्यावर पालथा पडून राख बघतो तेव्हा तो अभिनय वाटतच नाही. आपल्याकडे मात्र होम्सच्या कादंबरीतला 'बास्करव्हिल'चा शिकारी कुत्रा गुपचूप आला. बिरेन नाग यांचा 1962चा चित्रपट 'बीस साल बाद' आधीच्या पिढीनं लताबाईंच्या गाण्यासाठी पाहिला; त्या पडक्या वाड्यामागे त्याच कादंबरीतली डार्टमूरची दलदल आहे, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल?

पण आज मला बोलायचंय ते 'साइन ऑफ फोर'वर, आणि तेही या गावात. 1857च्या उठावातले सेनानी तात्या टोपे येवल्याचे. 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीला त्यांना फाशी दिलं. आणि या कादंबरीचा सगळा खजिना 1857च्या धामधुमीतून आलेला आहे. उत्तरेतल्या एका राजाचं जवाहिर घेऊन अहमद नावाचा त्याचा माणूस व्यापाऱ्याच्या वेषात आग्र्याच्या किल्ल्यात येतो, पहारेकरी त्याला मारतात आणि पेटी भिंतीत दडवून ठेवतात. चार गुन्हेगारांपैकी एक इंग्रज, जोनाथन स्मॉल. उरलेले तिघे महोमेत सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर. होम्सचा लेखक डॉइल या पहारेकऱ्यांना शीख म्हणतो! अब्दुल्ला खान नावाचा शीख. ज्या होम्सला बुटावरच्या मातीवरून माणूस कुठून आला ते कळतं, त्याच्या लेखकाला नावावरून माणूस कळला नाही.

याहून मोठी चूक स्मॉलचा साथीदार, अंदमानच्या टोंगाची. होम्स पावलाचा ठसा बघतो, बोटांतली फट बघतो, तिथवर पद्धत बरोबर आहे. मग तो नुकताच निघालेला एक गॅझेटियर काढतो आणि अंदमानचे मूळ रहिवासी क्रूर, नरभक्षक असल्याचं वाचून दाखवतो. आणि मान्य करतो. पुरावा हाती येण्याआधी सिद्धान्त मांडू नये असं सांगणारा माणूस इथे छापील मतावर विसंबला. एडवर्ड हॉरेस मॅन हा तिथला इंग्रज अधिकारी 1880च्या दशकातच या बेटांवरच्या लोकांविषयी सविस्तर लिहीत होता आणि नरभक्षणाचा आरोप त्यानं मान्य केला नव्हता. ज्या पोर्ट ब्लेअरच्या कैदी वसाहतीतून स्मॉल पळतो, ती 1858 मध्ये वसवली गेली ती मुळात सत्तावन्नच्या बंडवाल्यांसाठी. कादंबरीत त्यांचा मागमूस नाही.

पडद्यानं काय केलं बघा. ग्रॅनाडानं 1987 मध्ये कादंबरीत ठरणारं वॉटसन आणि मेरीचं लग्न गाळलं आणि खजिना ठेवला, टोंगाही तसाच हिंस्र ठेवला. होम्सला आजच्या काळात आणणाऱ्या बीबीसीच्या मालिकेनं 2014 मध्ये लग्न ठेवलं आणि खजिना गाळला. गाळणं हा एक उपाय झाला, पण मला तो पुरेसा वाटत नाही. वॉटसनचं अफगाणिस्तान मात्र बीबीसीनं जसंच्या तसं ठेवलं, कारण मालिका सुरू झाली त्या 2010 मध्येही इंग्रज सैनिक तिथून जखमी होऊन येतच होते. मूळ वॉटसन मुंबई बंदरात उतरून तिकडे गेला आणि 27 जुलै 1880ला मैवंदला जखमी झाला. त्या रणात मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या ग्रेनेडियर्ससारख्या देशी पलटणी होत्या. वॉटसनचा अर्दली मरे याचं नाव आपल्याला कळतं, त्या शिपायांपैकी एकाचंही नाही.

मग मी होम्स सोडून द्यायचा का? नाही. त्यानं दिलेल्या नजरेनंच त्याच्या कर्त्याची झडती घ्यायची. पैठणीची पारख करताना तुम्ही पदर उलटा करून पाहता, तसंच.

आणि अशी झडती डॉइलनं स्वतःही एकदा घेतली, आपल्याच देशाच्या न्यायाची. मुंबईत जन्मलेले पारशी शापुरजी एडलजी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील होता. ग्रेट वर्ली गावात रात्रीच्या अंधारात जनावरांना जखमी केल्याच्या आरोपावरून 1903 मध्ये त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक तसाच. डॉइल त्याला भेटायला एका हॉटेलात गेला तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून, तिरकं करून वाचत होता. डॉइल मुळात डॉक्टर, डोळ्यांच्या विकारांचंही शिक्षण घेतलेला. इतकी कमी नजर असलेला माणूस काळोखात शेतं तुडवून जनावरं कशी गाठेल? जानेवारी 1907 मध्ये त्यानं 'डेली टेलिग्राफ'मध्ये लेख लिहून पोलिसांचा पुरावा आणि त्यांच्या मनातला वर्णद्वेष तपासला. यावर ज्युलियन बार्न्स यांची 2005ची कादंबरी 'आर्थर अँड जॉर्ज' आहे आणि 2015 मध्ये तिची मालिकाही झाली. होम्सवेड्यांनी ती आवर्जून पाहावी.

जॉर्ज एडलजीला 1907 मध्येच माफी मिळाली, वकिलीही परत करता आली. तीन वर्षांच्या तुरुंगवासाची भरपाई म्हणून मात्र त्याला एक पौंडसुद्धा मिळाला नाही.