आधी मुखपट, मग विचार



पूर्वी दोन रात्री आगगाडीत काढून गावी पोहोचणारे आपण आता विमानाने जाऊ-येऊ लागलो आहोत. म्हणून आज वैमानिकांच्या एका शिक्षणाविषयी चार शब्द सांगतो.

उंचावरील हवेतही प्राणवायूचे प्रमाण जमिनीवरील इतकेच, सुमारे २१ टक्के असते. उणा पडतो तो हवेचा दाब. त्यामुळे रक्तात पुरेसा प्राणवायू शिरत नाही. यास्तव विमानात हवा दाबून भरतात व आतील स्थिती फार तर ८,००० फुटांच्या डोंगरावरील हवेइतकी राखतात. ही व्यवस्था ३५,००० फुटांवर एकाएकी ढळली, तर बुद्धी शाबूत राहण्याचा अवधी अर्ध्या ते एका मिनिटाचाच असतो.

या प्राणवायून्यूनतेला 'हायपोक्सिया' म्हणतात. ती दुखत नाही, हाच तिचा धोका. ज्या बुद्धीने संकट ओळखायचे, तीच आधी मंदावते. १८७५ साली 'झेनिथ' बलूनमधून तीन फ्रेंच गृहस्थ वर गेले. प्राणवायू जवळ असूनही दोघे दगावले. बचावलेल्या तिसांदिए यांनी लिहून ठेवले की, त्या वेळी वेदना नव्हतीच. उलट अंतरी आनंद दाटला होता!

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाबाचे बटण स्वयंचलित स्थितीत नव्हते. धोक्याचा भोंगा वाजला. पण वैमानिकांना तो वेगळ्याच बिघाडाचा वाटला. उलगडा होण्यापूर्वीच त्यांची शुद्ध हरपली. विमान आपोआप उडत राहिले आणि इंधन संपल्यावर कोसळले. १२१ जीव गेले. आपल्याकडेही २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात दाबव्यवस्थेची कळ चालू करावयाची राहिली. काही प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले. सुदैवाने विमान सुखरूप परतले.

यावर उपाय शिक्षणाचा. बंगळूर येथे वायुदलाची वैमानिकी वैद्यकाची संस्था १९५७ पासून आहे. अशा संस्थांत वैमानिकाला कमी दाबाच्या कोठीत बसवून साधी गणिते घालतात. अक्षर वेडेवाकडे होते, बेरीज चुकते. त्याला मात्र सारे ठीकच वाटते! मुखपट लावून भानावर आल्यावर तो कागद पाहून चकित होतो. कोणाची बोटे झिणझिणतात, कोणाची दृष्टी अंधुकते. आपली खूण आपणच ओळखावी आणि भोंगा वाजताच आधी मुखपट चढवून मग कारण शोधावे, हा त्यातील धडा. लष्करी वैमानिकांना हा अनुभव मिळतो. बहुतेक देशांत नागरी वैमानिकांना मात्र तो सक्तीचा नाही. तो तसा व्हावा, असे मला आग्रहाने वाटते.

आणि आपण? हवाई सेविका सांगते, "मुखपट आधी स्वतःला लावा, मग मुलाला." आईच्या मनाला हे कठोर वाटेल, परंतु शुद्धीवर असलेली आईच लेकराला वाचवू शकते. पुढच्या खेपेस ते शब्द लक्षपूर्वक ऐकावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.