पासंगाचं वजन

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरचे लोक येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी इथं देत आहोत. गावबैठकीत वाचून दाखवावं.)



काल रात्री दाव्यांचं काम बाजूला राहिलं आणि बैठक निवडणुकीवर गेली.   अपक्ष उभं राहायची तयारी करणारे एक गृहस्थ आपल्या चार-पाच पाड्यांवर फिरून गेले. त्यांचं म्हणणं असं, "या वेळी बहुमत कुणालाच मिळत नाही. मला निवडून द्या. सरकार माझ्या एका मतावर अडेल. मग तुमच्या जमिनीचं काम मी करून आणतो." तरुण पोरांना हे पटलं. म्हाताऱ्या माणसांनी नुसत्या माना हलवल्या. रात्री भांडण व्हायची वेळ आली, तेव्हा आम्ही म्हटलं, सकाळी डोकं थंड करून बोलू. तर आता बोलू.

पहिली गोष्ट, तो माणूस म्हणतो ते खोटं नाही. आपल्या विधानसभेत 288 आमदार. सरकार करायला 145 लागतात. लोकसभेत 543 खासदार, तिथं 272 लागतात. कुणाकडेच तेवढे नसले की त्याला त्रिशंकू म्हणतात. आपण बाजारात हिरडा, मोह, डिंक घेऊन जातो. व्यापाऱ्याच्या तराजूला एका बाजूला खडा बांधलेला असतो. त्याला पासंग म्हणतात. एरवी त्या खड्याला कोण विचारतो? पण दोन्ही पारडी बरोबरीला आली की दांडी कुठं झुकायची ते तो खडाच ठरवतो. त्रिशंकू सभागृहात अपक्षाचं तसंच होतं.

आणि अपक्षाला मोल येतं ते आणखी एका कारणानं. पक्षाच्या आमदाराला व्हिप असतो, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं. नाही दिलं तर 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आमदारकी जाते. अपक्षाला व्हिप नाही. निवडून आल्यावर तो कुठल्या पक्षात शिरला तर त्याचंही पद जातं, पण बाहेर राहून आज याला, उद्या त्याला पाठिंबा द्यायला त्याला कुणी अडवत नाही. आपल्या राज्यात 2009 च्या निवडणुकीपासून आदिवासींसाठी 25 जागा राखीव आहेत. 25 म्हणजे थोडं वजन नाही. पण ते पंचवीस जण चार पक्षांत वाटले जातात आणि चार व्हिपांखाली बसतात. म्हणून पोरांना वाटतं, आपला माणूस मोकळा असावा. यात चूक काही नाही.

आता प्रश्न असा की, ज्या दिवशी दांडी त्याच्या हातात येते, त्या दिवशी तो मागतो काय?

1995 साल आठवा. तेव्हा राज्यात 45 अपक्ष निवडून आले होते. काँग्रेसला 80, शिवसेनेला 73, भाजपला 65. युतीचे झाले 138, म्हणजे सात कमी. अपक्षांच्या पाठिंब्यावर युतीचं सरकार बसलं आणि अपक्षांतले कितीतरी जण मंत्री, राज्यमंत्री झाले. पंचेचाळीस माणसांच्या हातात राज्याची दांडी होती. त्यांतले बरेचसे तिकीट न मिळालेले बंडखोर. आपल्या प्लॉटचा सातबारा त्या वेळी कुणी मागितला होता का? आपल्यातल्या कितीजणांच्या घरी त्या वर्षांतल्या दंडाच्या पावत्या आजही पेटीत आहेत, त्या काढून बघा.

कोणी म्हणेल, ते कारखानदारांचे, साखरवाल्यांचे अपक्ष. आपला आदिवासी माणूस तसं करणार नाही. म्हणून झारखंडची गोष्ट सांगतो. ही गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्याच लोकांची आहे.

झारखंड राज्य झालं 15 नोव्हेंबर 2000 ला, बिरसा मुंडांच्या जयंतीला. त्यासाठी आदिवासींच्या दोन-तीन पिढ्या लढल्या. तिथं आमदार 81, बहुमत 41 चं. 2005 च्या निवडणुकीत भाजप आणि त्यांचे मित्र मिळून 36, पलीकडे झारखंड मुक्ती मोर्चा, काँग्रेस, लालूप्रसादांचा पक्ष. बहुमत कुणालाच नाही. मधे पाच-सात आमदार सुटे. कोणी अपक्ष, कोणी आपल्या पक्षाचा एकटाच आमदार. राज्यपालांनी आधी शिबू सोरेन यांना बसवलं. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सभागृहात मतं मोजा. मतं जमली नाहीत, दहा दिवसांत सरकार गेलं. सुट्या आमदारांनी भाजपच्या अर्जुन मुंडांना बसवलं. दीड वर्षानं, सप्टेंबर 2006 मध्ये, त्यांतल्याच चौघांनी पाठिंबा काढला आणि मुंडा गेले. आणि मुख्यमंत्री कोण झाला? मधु कोडा. हो आदिवासी, सिंहभूमचा, अपक्ष आमदार. त्यांच्यामागे स्वतःचा असा एकही आमदार नाही, तरी काँग्रेस, मोर्चा, लालूप्रसाद सगळे त्यांच्या पाठीशी उभे. बरोबरचे सुटे आमदार मंत्री झाले. आता कायद्यानं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या शेकडा 15 पर्यंतच ठेवता येते. 81 च्या सभागृहात बारा. बारा खुर्च्यांमधल्या एवढ्या खुर्च्या मूठभर सुट्यांना मिळाल्या.

म्हणजे आपल्या पोरांचं स्वप्न तिथं पुरं झालं. आपला माणूस, अपक्ष माणूस, दांडी हातात नव्हे, सगळा तराजूच हातात! जवळजवळ दोन वर्षं.

मग तिथल्या गावांना काय मिळालं? झारखंडमध्ये राज्य झाल्यापासून 2009 पर्यंत एकदाही पंचायतीची निवडणूक झालेली नव्हती. त्याआधीची शेवटची झाली होती 1978 ला, बिहारमध्ये असताना. आरक्षणावरून कोर्टात वाद होता हे खरं. पण 2008 पर्यंत पेसा कायदा येऊन बारा वर्षं झाली होती, आणि आदिवासींच्या राज्यात आदिवासी मुख्यमंत्री असताना गावाला आपली पंचायत मिळाली नाही. खाणी आणि पोलादाच्या कंपन्यांचे करार मात्र थांबले नाहीत. जमीन वाचवायला लोक जसे आधी रस्त्यावर होते, तसेच राहिले.

आणि शेवट कसा झाला? 22 जुलै 2008 ला दिल्लीत अणुकरारावरून विश्वासदर्शक ठराव आला. लोकसभेत नोटांच्या गड्ड्या दाखवल्या गेल्या, ते आपण टीव्हीवर पाहिलं. 275 विरुद्ध 256 नं सरकार वाचलं. त्यात मुक्ती मोर्चाचे पाच खासदार सरकारच्या बाजूनं होते. महिनाभरात मोर्चानं कोडांचा पाठिंबा काढला आणि शिबू सोरेन मुख्यमंत्री झाले. जानेवारी 2009 मध्ये ते पोटनिवडणूक हरले आणि तिथं राष्ट्रपती राजवट आली. चार वर्षांत चारदा दांडी झुकली. प्रत्येक वेळी झुकवणारे आदिवासींच्या मतांवर निवडून आलेले. मागितली ती खुर्ची. खुर्ची गेली, मागं काही उरलं नाही.

एखाद्या माणसाचा हा दोष म्हणून सोडून देऊ नका. खुर्ची मागितली की ती टिकवण्यासाठी रोज काहीतरी द्यावं लागतं, आणि द्यायला आपल्या भागात असतं काय? जमीन, जंगल, खाण.

आता दुसरी गोष्ट, हीसुद्धा आपलीच. 2004 ला दिल्लीत त्रिशंकू लोकसभा आली. सरकार टिकलं ते डाव्या पक्षांच्या जवळजवळ साठ खासदारांवर. ते अपक्ष नव्हते, पक्षाचे होते. पण दांडी त्यांच्या हातात होती. त्यांनी मंत्रिपद घेतलं नाही, बाहेरून पाठिंबा दिला. सरकारनं एक किमान समान कार्यक्रम कागदावर लिहून छापला. त्यात एक ओळ होती की, आदिवासी आणि इतर जंगलवासीयांना जंगलातून हुसकावणं थांबवलं जाईल. 2002 च्या मे महिन्यात दिल्लीहून पत्र निघालं होतं, अतिक्रमणं काढा म्हणून. हत्ती लावून झोपड्या पाडल्या त्या काळातली गोष्ट. त्यानंतर ही एक ओळ.

त्या ओळीवर बोट ठेवून आपण आणि देशभरातल्या संघटना भांडलो. 13 डिसेंबर 2005 ला वनहक्काचं विधेयक लोकसभेत आलं. त्यात तारीख होती 1980 ची, आणि फक्त आदिवासींचंच नाव होतं. संसदेच्या समितीनं त्यात बदल सुचवले, खूप ओढाताण झाली. डिसेंबर 2006 ला कायदा झाला तेव्हा तारीख 13 डिसेंबर 2005 झालेली होती, पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारे बिगर-आदिवासीही आत आले होते, आणि दावे घ्यायचा अधिकार ग्रामसभेला आला होता. त्यानंतरही वर्षभर तो लागू करत नव्हते. पुन्हा बसावं लागलं. शेवटी 1 जानेवारी 2008 ला नियम आले.

जुलै 2008 मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला. दांडी त्यांच्या हातातून गेली. पण कायदा गेला का? कलम 4(5) आजही सांगतं, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येणार नाही. गार्ड बांधावर आला तर आपण हेच कलम दाखवतो. डावे काही देव नव्हेत, त्यांच्याशीही आपली भांडणं आहेत. पण फरक बघा. मागणं आधी लिहिलेलं होतं, सगळ्यांना दिसत होतं, आणि ते असं होतं की पाठिंबा गेला तरी राहील. शिवाय सभागृहाच्या बाहेर ते मागणं लावून धरणारे लोक होते. यातलं एक जरी नसतं तरी आपल्या हातात आज हा कायदा नसता.

म्हणून त्या गृहस्थांना काय सांगायचं? नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. संघटनेची सूचना अशी आहे:

एक. कुणाच्या घरी, हॉटेलात, गाडीत बोलणं नाही. बोलायचं तर ग्रामसभेत, बायांच्या समोर.

दोन. आपली मागणी आपण लिहायची, त्यांनी नाही. पाड्याची ग्रामसभा मान्य करा, गट ग्रामपंचायतीची नको. म्हाताऱ्यांचा जबाब हा नियमांप्रमाणे पुरावा आहे, पावती नाही म्हणून दावा फेटाळू नका. सामूहिक हक्काचे दावे आधी घ्या. फेटाळला तर कारण लेखी द्या.

तीन. सरकारला पाठिंबा द्यायची वेळ आली तर ग्रामसभांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही, आणि मंत्रिपद मागायचं नाही. हे सगळ्यांसमोर सही करून द्यावं.

चार. हाच कागद बाकीच्या उमेदवारांनाही द्यायचा, पक्षवाल्यांनाही.

कोणी विचारेल, त्या सहीला किंमत काय? खरं सांगतो, कोर्टात काही नाही. आमदाराला परत बोलवायचा कायदा आपल्याकडे नाही. 1993 ला नरसिंह रावांचं सरकार वाचवायला मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेतले, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 1998 ला कोर्टानं सांगितलं की, पैसे घेऊन सभागृहात मत दिलं त्यावर खटला चालवता येत नाही. तेव्हा कायदा असा होता! सहीची किंमत एवढीच की गावाला ती पाठ असते, आणि तो माणूस पुढच्या वेळी त्याच वाटेनं येतो.

आणि शेवटचं. पासंगाचा खडा बाजाराच्या दिवशीच कामाचा. पारडं भरतं ते मालानं. आपला माल म्हणजे नीट भरलेले दावे, नकाशे, ठराव, एकेका पाड्याची जागी असलेली ग्रामसभा. बहुमत कुणालाही मिळो, त्रिशंकू होवो न होवो, रेंजर आणि तहसीलदार उद्याही तेच राहणार आहेत. तेव्हा काल राहिलेले अर्ज आता काढा. ज्या पाड्यांचे जबाब राहिलेत त्यांच्यापासून सुरुवात करू. जेवण दुपारी दोनला आहे, तोवर उठायचं नाही.

जिंदाबाद!