कोठडी आणि न्यायासन



दहशतवादाच्या आरोपाखाली पकडलेल्या मनुष्यास कोठे ठेवावे आणि त्याचा खटला कोणत्या न्यायासनापुढे चालवावा, या प्रश्नावर या शतकाच्या प्रारंभापासून जो वाद चालला आहे, त्यात कोठडी हे एक प्रकरण आणि खटला हे दुसरे, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. पहिल्यात थोडी सक्ती झाली तरी दुसऱ्यात तिचे परिमार्जन होते, अशी यामागची समजूत. ही समजूत मला सर्वस्वी चुकीची वाटते. आरोपीस पहिल्या महिन्यात कसे ठेवले, यावर पुढे वीस वर्षांनी येणाऱ्या निकालाची किंमत ठरते, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

क्यूबाच्या किनाऱ्यावरील ग्वांतानामोची जागा अमेरिकेकडे १९०३ पासून भाडेपट्ट्याने आहे. भूमी क्यूबाची आणि ताबा अमेरिकेचा, म्हणून अमेरिकन न्यायालयांचा अंमल तेथे पोहोचणार नाही, हा हिशेब मनाशी धरून तेथील तुरुंगात ११ जानेवारी २००२ रोजी पहिले कैदी उतरविण्यात आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ आणि २००८ साली हा हिशेब अमान्य केला. पण तोवर व्हावयाचे ते होऊन गेले होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणविणारा खालिद शेख मोहम्मद २००३ साली पकडला गेला, गुप्त तुरुंगांत ठेवला गेला, आणि पाण्याने गुदमरविण्याचा प्रयोग त्याच्यावर १८३ वेळा झाला. २००९ च्या नोव्हेंबरात त्याचा खटला न्यूयॉर्कच्या नागरी न्यायालयात, कोसळलेल्या मनोऱ्यांच्या जवळच, चालविण्याची घोषणा झाली. लोकक्षोभापुढे सरकारने मान तुकविली आणि २०११ च्या एप्रिलात तो पुन्हा ग्वांतानामोच्या लष्करी आयोगाकडे गेला. छळातून निघालेला कोणता शब्द पुराव्यात घ्यावा, या वादातच वर्षांमागून वर्षे गेली. याउलट, पूर्व आफ्रिकेतील अमेरिकन वकिलातींवरील स्फोटांतील आरोपी अहमद घैलानी यास २०१० साली न्यूयॉर्कच्या साध्या न्यायालयापुढे उभे केले, तेव्हा ज्याचे नाव सक्तीने वदवून घेतले होते असा एक साक्षीदार न्यायाधीशांनी वगळला, २८० हून अधिक आरोपांपैकी एकच सिद्ध झाला, आणि आरोपी आजन्म कारावासात गेला. त्या निकालास पुष्कळांनी अपयश म्हटले. मला तो न्यायासनाचा पुरुषार्थ वाटतो.

आता मुंबईकडे येऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या भीषण रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसांचा बळी घेणाऱ्या दहा जणांपैकी कसाब या एकास गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी प्राणाचे मोल देऊन जिवंत धरून दिले, तेव्हा अशा नराधमास खटला कशाला, असे विचारणाऱ्यांत आपले कितीतरी सुविद्य स्नेही होते. वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. न्यायालयाने नेमलेल्या वकीलबाईंच्या घरावर दगडफेक झाली. तरीही खटला चालला. आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात विशेष न्यायालय बसले आणि कोठडीपासून न्यायकक्षापर्यंत मजबूत बंदिस्त मार्ग बांधण्यात आला. तुरुंगाच्या भिंतीआड न्यायालय भरावे हे मला एरवी रुचत नाही. पण वार्ताहर आत येत होते आणि दुसऱ्या दिवशी उलटतपासणीचा वृत्तांत शहर वाचत होते, म्हणून त्या बंदोबस्तास मी मान्यता देतो. आरोपी आपले वय लहान सांगू लागला, तेव्हा त्याच्या वयाची वैद्यकीय तपासणी करविण्यात आली. २० जुलै २००९ रोजी त्याने भर न्यायालयात गुन्हा कबूल केला, तरी न्यायाधीश ताहिलियानी यांनी तेवढ्यावर खटला आटोपता न घेता पुढील साक्षी ऐकल्या. त्याआधीच, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पायात गोळी लागलेली दहा वर्षांची मुलगी कुबड्या घेऊन साक्षीस आली आणि तिने बोट करून त्याला ओळखले. छायाचित्रे होती, प्रत्यक्षदर्शी होते, रुजवातीस लागणारे सारे होते. कबुलीजबाब बाजूला ठेवला असता तरी निकाल उभा राहिला असता.

परंतु या खटल्याचा मला खरा अभिमान वाटतो तो दुसऱ्याच एका कारणासाठी. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते, आणि त्यांनी पुरविलेला म्हणून एक नकाशा पोलिसांनी पुढे केला, जो मृत हल्लेखोराच्या खिशात सापडल्याचे सांगण्यात आले होते. त्या हल्लेखोराचे कपडे रक्ताने भिजले होते, आणि नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. ज्या दिवशी कसाब दोषी ठरला, त्याच ३ मे २०१० रोजी त्याच न्यायाधीशांनी त्या दोघांना निर्दोष सोडले, आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम केली. संतापाच्या ऐन भरात कागदाच्या एका तुकड्याकडे इतक्या शांतपणे पाहणारे न्यायासन या शहरास लाभले, ही गोष्ट आपण पुरेशी उच्चारीत नाही.

आणि याच शहरात ११ जुलै २००६ रोजी लोकलगाड्यांत स्फोट झाले. तेथे संघटित गुन्हेगारीच्या कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य धरण्याची मुभा होती, आणि त्या मुभेवरच तपासाचा मोठा भार टाकण्यात आला. २०१५ साली बारा जण दोषी ठरले, पाच जणांस फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने कबुलीजबाब अविश्वसनीय ठरविले, ओळखपरेड घेणाऱ्यास तसा अधिकारच नव्हता असे नमूद केले, आणि बाराही जणांस निर्दोष ठरविले. त्यांपैकी एक तुरुंगातच मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. एकोणीस वर्षांनंतर ज्यांचे पुत्र आणि पती त्या डब्यांत गेले त्यांच्या हाती काय आले? त्यांना न्याय मिळाला नाही आणि आरोपींची वर्षेही परत मिळाली नाहीत. कोठडीत श्रम वाचविण्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कसाबची शिक्षा कायम करतानाच, आरोपीस दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभे केले जाताच वकील मिळण्याचा हक्क त्याला समजावून सांगावा, अशी आज्ञा केली. ती आज्ञा प्रत्येक दंडाधिकाऱ्याने पाळावी. १० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतून दिल्लीस आणलेला तहव्वूर राणा याच्या बाबतीत तर तिचे महत्त्व विशेष आहे, कारण मुंबई हल्ल्याच्या आरोपातून त्याला शिकागोच्या ज्यूरीने २०११ साली मुक्त केले होते आणि आपल्या पुराव्याकडे जग भिंग लावून पाहणार आहे. त्याला त्याच्या पसंतीचा वकील मिळावा, त्याचा प्रत्येक जबाब दंडाधिकाऱ्यापुढे व्हावा, आणि जखमी साक्षीदारांना दिल्लीस हेलपाटे घालावयास न लावता तो खटला मुंबईत, उघड्या न्यायालयात चालावा, अशी मागणी या व्यासपीठावरून मी करीत आहे.