घरात टीबी असेल तर पोरांना तपासून घ्या
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



आजची बैठक दाव्यांच्या मोजणीची आहे, ते होईलच. पण आधी टीबीचं बोलू द्या. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जाईल, मग बोलून उपयोग नाही.

ज्यांना टीबी निघाला त्यांचं औषध सुरू आहे. पण त्यांच्या घरातली पोरं कोणी बघितली? आपलं कुडाचं एका खोलीचं घर, पावसात दार लावलेलं, आजा खोकतोय आन् नातू त्याच्याच कुशीत. टीबी ताटवाटीनं लागत नाही, खोकल्याच्या हवेतून लागतो. म्हणून आजाचं ताट वेगळं करू नका, त्यानं नुसता म्हातारा दुखावतो. पोरांना आरोग्य केंद्रात न्या.

लहान पोर बेडका काढून देऊ शकत नाही, म्हणून त्याचा टीबी लवकर कळत नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप, वजन वाढायचं थांबलं, खेळ सोडून गप बसतं, मानेला गाठी, हे बघा. अंगणवाडीचं वजनाचं कार्ड बरोबर न्या. दंडावर बीसीजीचा व्रण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती लस मेंदूच्या टीबीपासून बरंच राखते, पण टीबी होणारच नाही असं नाही.

टीबी निघाला तर सरकारी औषध फुकट आहे. नाही निघाला तरी ५ वर्षांखालच्या पोराला आयसोनियाझिडची गोळी वजनाप्रमाणे रोज, ६ महिने द्यायची असते. लोक म्हणतात, पोर तर धडधाकट, गोळी कशाला? अरे, बी पडलेलं असतं, उगवलेलं नसतं. उगवायच्या आधीच मारायचं. पण तपासल्याशिवाय नाही, आन् मोठ्याच्या गोळ्या मोडून तर अजिबात नाही.

६ महिने म्हणजे भट्टीचा सगळा हंगाम. म्हणून आधीच सांगा, आम्ही भिवंडीकडं चाललो, गोळ्या द्या, कागद द्या, तिथला दवाखाना सांगा. कोणी "नंतर या" म्हणालं तर एकट्यानं परत फिरू नका, चौघं मिळून जाऊ. वनखात्याच्या कचेरीत असंच जातो ना? दाव्याची पोच मागतो तशी पोराच्या गोळीची नोंद मागा.

भगताकडं जायचं तर जा, कोणी अडवत नाही. दवाखान्याचा दिवस मात्र चुकवू नका.

आशाताई बुधवारी येणार आहे. ज्यांच्या घरी औषध सुरू आहे त्यांनी पोरांची नावं, वयं मला द्या. इथं सगळ्यांसमोर नको, बैठक उठल्यावर बाजूला येऊन सांगा.

आता मोजणीचं घेऊ.