श्रम आणि विसावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चार माणसांत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण माझ्याच पायाने मला जे शिकविले, तेवढे सांगते.

मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरले आणि दीड महिना पाय प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघाले तेव्हा एक पिंढरी भरीव, तर दुसरी काठीसारखी! अन्न तेच, रक्त तेच, मग असे का व्हावे? फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "स्नायूवर भार पडला नाही की शरीर त्याला पोसत नाही."

मी उतावीळ. तिसऱ्याच दिवशी भरली घागर कमरेवर घेतली आणि पुन्हा आठ दिवस अंथरूण धरले. मग पाव कळशी, अर्धी कळशी अशी चढत गेले. भार हवा, पण पायरीपायरीने.

टोकाईचा गड चढताना धाप लागते. पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार तोलतो. त्यात त्याच्या बारीक धाग्यांना इजा होते. शरीर ती भरून काढते, आणि पुढच्या खेपेस तेवढेच श्रम कमी दुखतात. ही डागडुजी विसाव्यात आणि झोपेत होते, आणि तिला डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे लागतात.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. तेथे जपानी मल्लाशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उतरावे लागले. नियमाची अर्ध्या तासाची विश्रांती मागायला आपला अधिकारीच हजर नव्हता, असे सांगतात. ती कुस्ती ते हरले. एवढ्या पहिलवानाला विसाव्यावाचून चालले नाही, तर आपली काय कथा?

हळद काढणीत आपण दिवसभर कमरेत वाकतो. घरी येऊन चूल पेटवितो, आणि सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्यात वरण उरतच नाही. "काम करतो, मग व्यायाम कशाला?" असे मीही म्हणत असे. पण भार आपल्या वाट्याला येतो. विसावा आणि वरण येत नाही. म्हणून शरीर बळावत नाही, झिजते.

याच्या उलट चूक मी सासूबाईंच्या बाबतीत केली. "आता तुम्ही बसा" म्हणून मायेने त्यांच्या हातचे प्रत्येक काम काढून घेतले. दोन वर्षांत त्यांना बाजेवरून उठवेना. १९९० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात नव्वदीच्या घरातल्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. हे त्याच बाईंनी सांगितले, आणि सासूबाईंचे उठबस सुरू केले. पहिल्या दिवशी माझा हात धरून दोनदा. आज हाताशिवाय आठ वेळा.

तेव्हा भगिनींनो, हळदीच्या दिवसांत घटकाघटकाने उभ्या राहा, पाठ सरळ करा. आपली वाटीभर डाळ आधी काढून ठेवा. फार श्रमानंतर लघवी काळपट झाली तर ताबडतोब डॉक्टर गाठा. आणि घरच्या म्हाताऱ्यांना नुसते बसवू नका; झेपेल तेवढे काम त्यांच्या हाती राहू द्या.