सायकल दिली, पुढे काय झालं?

सामाजिक योजनांचं मूल्यमापन कसं करतात, त्यासाठी संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा आणि ‘लॉजिक मॉडेल’ म्हणजे काय, हे सोप्या भाषेत सांगा, असं आकाशवाणीनं सुचवलं. वर्गात हा विषय वर्षभर चालतो आणि तरी उरतो. म्हणून आज एकच योजना घेते. मुलींना सायकल देण्याची.

२००६ साली बिहार सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांमध्ये शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते आणि लांबच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या धावतात. तुमच्यातल्या कित्येकांच्या मुली, नाती त्या गाड्यांनी जात असतील.

आता विचारा, योजना यशस्वी झाली का? उत्तर ठरलेलं असतं. इतक्या सायकली वाटल्या, इतका निधी खर्च झाला, उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के. सोबत फोटो. मांडव, रांगेत उभ्या केलेल्या सायकली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, आणि पाहुण्यांच्या हस्ते किल्ली घेणारी मुलगी. या सगळ्या उत्तरात ती मुलगी एक दिवसही शाळेत गेलेली नाही, हे लक्षात घ्या. वाटप झालं हे खरं. पण वाटप हे फलित नव्हे. माझे विद्यार्थी हे वाक्य ऐकून कंटाळलेले आहेत, तरी परत सांगते, वाटप हे फलित नव्हे.

मग फलित कोणतं, आणि वाटपापासून तिथपर्यंत जायचं कसं? त्यासाठी एक कागद आडवा धरा. डाव्या कडेला लिहा: पैसे आणि सायकली. त्याच्या पुढे: मुलीच्या हातात सायकल आली. त्यापुढे: ती सायकलवरून शाळेत जाते. मग: येण्याजाण्याचा वेळ वाचतो, गैरहजेरी कमी होते. मग: आठवीनंतर शाळा सुटत नाही. आणि अगदी उजवीकडे: दहावी होते. प्रत्येकाभोवती चौकट काढा, मध्ये बाण काढा. झालं तुमचं लॉजिक मॉडेल. यात घाबरण्यासारखं काही नाही.

मात्र हल्ली संस्थांची मंडळी या चौकटी संगणकावर फार देखण्या काढतात. निळी चौकट, हिरवी चौकट. मी चौकटी बघतच नाही, बाण बघते. कारण प्रत्येक बाणाच्या पोटात कुणीतरी काहीतरी गृहीत धरलेलं असतं, आणि योजना फसते ती तिथे.

‘सायकल हातात आली’ आणि ‘ती सायकलवरून शाळेत जाते’ यांच्यामधला एवढा एकच बाण घ्या. किती साधा दिसतो! पण तिला सायकल चालवता येते का? पंक्चर काढणारा गावात आहे, की त्यासाठी बाजाराच्या गावी जावं लागतं? सकाळी दूध डेअरीला न्यायला तीच सायकल बाप नेतो का? मी पाहिलेल्या एका सायकलच्या कॅरिअरला सुतळीचे पीळ कायमचे बांधलेले होते. कशाला, म्हणून विचारलं, तर खताची गोणी बांधायला. आणि पावसाळा! काळ्या रानातून जाणारा रस्ता असला की जुलैत चिखल मडगार्डात गच्च बसतो, चाक फिरत नाही. मुली दप्तराबरोबर एक काटकी ठेवतात, दर थोड्या अंतरावर उतरून चिखल उकरतात आणि पुन्हा बसतात. पाऊस जास्त झाला की सायकल घरी आणि मुलगीही घरी. योजनेच्या कागदावर हा चिखल कुठेच नसतो.

आणखी एक. एकटीला पाठवायला आई धजत नाही, पण चौघी मिळून जात असतील तर पाठवते. म्हणजे चौघींतल्या दोघींनाच सायकल मिळाली, तर त्या दोघींच्याही जाण्याची खात्री नाही. बघा, एका बाणातून किती प्रश्न निघाले. मूल्यमापनाचा प्रश्न असा निघतो. तो खुर्चीत बसून सुचत नाही, बाणाशी रेंगाळावं लागतं.

इथे थोडं रागावून घेते. आपल्याकडे प्रबंधांना एक शेपूट असतं, ‘एक चिकित्सक अभ्यास’. ‘सायकल वाटप योजना: एक चिकित्सक अभ्यास.’ यात प्रश्न कुठे आहे? प्रश्नच नसेल तर उत्तर काय शोधणार? मग ऐंशी प्रश्नांची प्रश्नावली छापायची, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून भरून घ्यायची, आणि त्यात विचारायचं, ‘सायकलचा उपयोग होतो का? होय किंवा नाही.’ नाही म्हणेल कोण? फुकट मिळालेल्या वस्तूला नाही म्हणण्याइतकं आपलं माणूस उद्धट नसतं. त्यापेक्षा विचारा, ‘काल शाळेत कशानं गेलीस?’ आणि दारातली सायकल बघा. टायरची नक्षी झिजली आहे का, की दोन वर्षांनंतरही कोरी आहे?

आता बिहारकडे येते, कारण तिथे प्रश्न फार नेटका विचारला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी विचारलं, सायकल योजनेमुळे मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण वाढलं का? यातला ‘मुळे’ महत्त्वाचा. प्रमाण वाढलेलं तर दिसतच होतं. पण त्या वर्षांत बिहारमध्ये बरंच काही बदलत होतं, रस्ते होत होते, शिक्षकांची भरती होत होती. सायकल नसती तरीही मुली वाढल्या असत्या, असं कुणी म्हणालं तर?

म्हणून त्यांनी आधी मुलग्यांकडे पाहिलं. रस्ता सुधारला तर तो मुलग्यांनाही सुधारतो, पण तेव्हा सायकल फक्त मुलींना होती. मग झारखंडकडे पाहिलं. तो २००० सालापर्यंत बिहारचाच भाग, माणसं तशीच, गावंही तशीच, पण तिथे ही योजना नव्हती. मुली एरवीही मुलग्यांच्या बरोबरीला येत असतील, तर ते तिथेही दिसलं असतं. हे सगळं वजा करून जे उरलं, ते सायकलचं. मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. गंमत म्हणजे त्यासाठी वापरलेली माहिती २००७-०८च्या एका आरोग्यविषयक घरोघरच्या सर्वेक्षणातली होती. सायकल योजनेनं स्वतःची अशी काही नोंद आधीपासून ठेवली असती तर काम किती सोपं झालं असतं! हे मी प्रत्येक अधिकाऱ्याला सांगते. वाटपाआधी मोजा. वाटपानंतर ‘आधी काय होतं’ हे कुणालाच धड आठवत नाही.

त्यांनी पुढे बाणही तपासला. सायकलमुळे अंतर सोपं होतं, हे जर खरं असेल, तर लांबच्या गावांत फरक जास्त दिसायला हवा. तसाच दिसला. बहुतेक वाढ ही शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांतली होती. शाळा गावातच असेल, तर सायकलनं असा काय फरक पडणार?

आता हेच आपल्याकडे लावून बघा. आपली अट पाच किलोमीटरच्या आतली. मग त्यातल्या किती मुली तीन ते पाच किलोमीटरवर राहतात आणि किती शाळेच्या मागच्या गल्लीत? हा प्रश्न कुठलाही पदवीधर विद्यार्थी एका तालुक्यात, शाळेच्या पटावरून आणि गावच्या नकाशावरून महिन्याभरात सोडवू शकतो. फक्त बिहारचं उत्तर जसंच्या तसं उचलू नका. बिहार बहुतांशी सपाट आहे. आपल्या जव्हारच्या किंवा अक्कलकुव्याच्या चढावर तीन किलोमीटर म्हणजे काय, ते तिथल्या मुलीला विचारा.

मला वाटतं वेळ होत आली. काचेपलीकडून खूण झाली. खर्चाचा भाग राहिला, तो सोडते. शेवटच्या बाणाबद्दल दोन वाक्यं. बिहारमध्ये दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या, उत्तीर्ण होणाऱ्या १२ टक्क्यांनी. म्हणजे शाळेच्या दारापर्यंत सायकल पोचवते. आत गेल्यावर गणिताला शिक्षक आहेत की जागा रिकामी आहे, हा वेगळा बाण झाला, आणि त्यासाठी कागद नवा घ्यावा लागेल.