गृहपाठाची घटका
(पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत थोर विषयांवर बोलणारे वक्ते आपणांस लाभले आहेत. मला मात्र एका घरगुती विषयावर बोलावयाचें आहे: प्राथमिक शाळेंतील मुलानें शाळा सुटल्यावर गृहपाठास केव्हां बसावें? विषय दिसावयास लहान आहे; परंतु ज्या घरांत सहा ते दहा वर्षांचें मूल आहे, त्या घराची सायंकाळ समाधानाची जाते कीं कलहाची, हें बरेंचसें याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें.

प्रथम आपल्या गांवांची स्थिति पाहूं. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारें ६० किलोमीटरांवर आहे, बदलापूर सुमारें ६८ किलोमीटरांवर. उल्हासनगर त्यांच्या किंचित् अलीकडे. या तिन्ही गांवांतून पहाटेपासून माणसें लोकल गाडीनें कामावर जातात. जाण्यांत सुमारें दीड तास, येण्यांत तितकाच, आणि फलाटावर व रिक्षाच्या रांगेंत मोडणारा वेळ निराळा. ज्यांची नोकरी येथल्याच कारखान्यांत आहे, त्यांना पाळ्या चुकत नाहींत. परिणाम असा कीं, पुष्कळ घरांत आईबाप रात्रीं आठच्या पुढें परततात, आणि मूल तर साडेनऊला अंथरुणावर असावयास हवें. आईबाप व मूल यांच्या भेटीस दिवसाकांठीं उरतो, तो हाच तास-दीड तास.

नेमक्या त्याच वेळीं दप्तर उघडलें जातें. बाप गर्दींत उभा राहून आलेला, आई स्वयंपाकाच्या घाईंत, मूल पेंगुळलेलें. "दिवसभर काय केलेंस?" या प्रश्नानें आरंभ होतो. मग पेन्सिलीचें टोंक मोडतें, खोडरबर सांपडत नाहीं, सातचा पाढा अडतो, आवाज चढतो. आणि शेवटीं मूल झोपीं गेल्यावर आई डाव्या हातानें चार ओळी लिहून वही पुरी करते. डाव्या हातानें यासाठीं कीं, अक्षर मुलाचें वाटावें! दुसऱ्या दिवशीं बाईंची सही मिळते. पण मुलाच्या पदरीं काय पडलें? पाढा आला नाहींच, सहवासाची एकुलती एक वेळ रागांत गेली, आणि अभ्यास म्हणजे बोलणीं खाण्याचा प्रसंग, ही समजूत मात्र पक्की झाली. मला आज मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे कीं, गृहपाठ आईबाप घरीं येण्यापूर्वीं आटोपलेला असावा, आणि रात्रींचा तो वेळ मुलासाठीं राखून ठेवावा.

हें शक्य आहे काय? आहे, कारण या वयांत गृहपाठ थोडाच असावयाचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानें २०२० सालीं शाळेच्या दप्तराविषयीं जें धोरण प्रसिद्ध केलें, त्यांत पहिली व दुसरीच्या मुलांस गृहपाठ देऊं नये, आणि तिसरी ते पांचवीच्या मुलांस आठवड्यास फार तर दोन तासांचा द्यावा, असें म्हटलें आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर रोजचीं वीस मिनिटें होतात. आपल्या जुन्या कालगणनेंतील घटका २४ मिनिटांची. म्हणजे हें काम पुरते एका घटकेचेंहि नव्हे! अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर व त्यांचे सहकारी यांनीं गृहपाठावरील अनेक संशोधनांचा आढावा २००६ सालीं प्रसिद्ध केला. गृहपाठ व परीक्षेंतील यश यांचा जो संबंध वरच्या इयत्तांत दिसतो, तो खालच्या इयत्तांत फारच दुर्बळ असल्याचें त्यांसहि आढळलें. तेव्हां मूल तासन् तास लिहीत बसलें म्हणजे हुशार होतें, हा भ्रम आपण सोडावा. या वयांत गृहपाठाचा खरा लाभ निराळाच आहे. ठरल्या वेळीं, ठरल्या जागीं, कोणी न सांगतां आपलें काम काढून बसण्याची सवय, हा तो लाभ होय.

आतां वेळ कोणती? येथें सर्वांस एकच नियम लागू पडत नाहीं. महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ किंवा त्यानंतर भरवावे असें ठरविल्यापासून वेळापत्रकांत फेरबदल झाले. तरी कांहीं मुलें दुपारीं घरीं येतात, कांहीं सायंकाळीं. जें मूल दुपारीं येतें, त्याच्यापुढें दारांतच वही करूं नये. कित्येक तास बांकावर बसून तें आलेलें असतें. त्यास आधीं जेवण व विसांवा हवा. मग चारच्या सुमारास ती एक घटका, आणि त्यानंतर दिवेलागणीपर्यंत मनसोक्त खेळ. खेळ आधीं आणि अभ्यास मागून, असा क्रम ठेवला तर दमलेलें मूल वहीवर डुलक्या घेतें. अभ्यास आधीं ठेवला तर खेळाच्या ओढीनें हात झरझर चालतो.

जें मूल सायंकाळीं सहाला घरीं येतें, त्यास रात्रीं गृहपाठ नकोच. दुपारच्या अधिवेशनास जाणाऱ्या मुलाची सकाळ मोकळी असते. न्याहारीनंतरची घटका त्याची. तेव्हां बुद्धि ताजी असते, उजेड फुकटचा असतो, आणि पावसाळ्यांत रात्रीं वीज गेली किंवा लोकल खोळंबली, तरी काम अडत नाहीं.

जागेचेंहि तसेंच. आपल्या गांवीं स्वतंत्र खोली किती मुलांस मिळणार? १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें त्या वस्तीचा आरंभच लष्करी छावणीच्या बराकींत झाला. एकाच खोलींत रांधणें, निजणें आणि पोटाचा धंदा करणें, ही गोष्ट येथें नवी नाहीं. खिडकीजवळ एक पाट, समोर चौरंग, शेजारीं पेन्सिलींचा डबा, आणि तेवढी एक घटका दूरदर्शनसंच बंद. इतकें पुरे आहे.

कोणी म्हणतील, "आम्ही कामावर; मुलाजवळ बसावें कोणीं?" पुष्कळ घरांत आजी किंवा आजोबा आहेत. "पण त्यांना इंग्रजी येत नाहीं," हें उत्तर मी ऐकलें आहे. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या मुलानें आजचा धडा आजीला मराठींत सांगावा. जें समजलें आहे तेंच आपल्या भाषेंत सांगतां येतें. म्हणून इंग्रजी न जाणणारी आजी ही उत्तम परीक्षक होय. तिनें उत्तर सांगूं नये, लिहून तर मुळींच देऊं नये. न आलेलें गणित कोरेंच ठेवावें. तें कोरें पाहिलें तरच शिक्षकांस कळेल कीं, तें पुन्हां शिकविलें पाहिजे. आईनें लिहिलेलें बरोबर उत्तर शिक्षकांस फसवितें आणि मुलास अडाणी ठेवतें.

या व्यवस्थेच्या आड येणारी एक नवी अडचण आहे. कित्येक वर्गांचा गृहपाठ अलीकडे आईबापांच्या मोबाइलवर, व्हॉट्सॲपच्या समूहांत येतो. मोबाइल ठाण्याजवळ गाडींत, आणि मूल बदलापुरास घरीं! आई येईपर्यंत त्यास काय करावयाचें हेंच ठाऊक नसतें. म्हणून पालकांनीं शिक्षकांस नम्रपणें विनवावें कीं, गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वींच मुलाच्या हातानें वहींत उतरवून द्यावा. तसेंच, मुलास रोज अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागूं लागला तर तसें दोन ओळींत लिहून कळवावें. ही तक्रार नव्हे. शिक्षकांस ही माहिती हवीच असते.

आपल्या प्रांतांत याचा उत्तम धडा पूर्वीं घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत, बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह तें कोसबाडच्या टेकडीवर वाढविलें. गुरें राखावयास जाणारीं आदिवासी मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणावर नेली. तिचें नांव कुरणशाळा. मुलाचा दिवस कसा जातो हें आधीं पाहिलें, आणि मग शिक्षण त्यांत बसविलें. आपणहि तेंच करावयाचें आहे.

ज्या मुलांच्या घरीं दुपारीं कोणीच नसतें, त्यांच्यासाठीं मी एक सूचना करतों. आपल्या धर्मग्रामाचें सभागृह आठवड्याच्या दिवशीं दुपारीं बहुधा रिकामें असतें. तेथें चार ते पांच या वेळांत चटया घालाव्या. निवृत्त शिक्षक व थोरलीं मुलें यांनीं पाळीपाळीनें देखरेख करावी. शिकवणी घ्यावयाची नाहीं. केवळ शांत जागा आणि एक वडीलधारें माणूस, एवढेंच पुरवावयाचें. कोणाचें मूल हें येथें विचारूं नये. शेजारच्या सिंधी, मराठी, दाक्षिणात्य, सर्वांच्या मुलांस दार मोकळें असावें.

मग रात्रीं आठ वाजतां बाप दार वाजवील तेव्हां दप्तर भरून खुंटीला लागलेलें असेल. वही त्यानें पाहावी, जेथें नेटकें लिहिलें आहे तेथें शाबासकी द्यावी, आणि मिटून ठेवावी. त्यानंतर एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण, आणि शाळेंत कोण पडलें, कोणाचा डबा सांडला, या मुलाच्या गोष्टी. त्या ऐकावयास आपण इतक्या लांबून घरीं येतों; त्यांचा वेळ गृहपाठाला देऊं नये, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.